घरून घरी जाणारी वरात

श्रीकांत उजागऱ्यांना यंदाच्या नाताळात घोडीवर बसावं लागलं. त्याचं मूळ गेल्या नाताळात मिळालेल्या वाटीभर कणकेत आहे.

उजागरे मूळचे नगरचे. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात ते सीनिअर ड्राफ्ट्समन आणि राहायला बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये. दर चोवीस डिसेंबरला ते गायनफेरी काढतात. गायनफेरी म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघर जायचं, घरच्यांनी आत बोलवायचं, चहा-करंजी द्यायची, आणि पुढच्या घरी. त्यांच्या वडिलांनी येशूच्या जन्माचा एक पाळणा रचला होता, अगदी आपल्या बारशाच्या चालीवर. तो म्हटल्याशिवाय उजागऱ्यांना नाताळ लागत नसे. एके काळी या फेरीत इतकी माणसं असत की शेवटचा माणूस वळणापाशी यायचा तेव्हा पहिल्याचा चहा पिऊन झालेला असायचा. पुढे मुलं पुण्याला आणि हैदराबादला गेली, मग मुलांकडे आईबाप गेले. शेवटी उरले तिघं. पेटीवर भिंगारदिवे, ढोलकीवर पाटोळे आणि गायला उजागरे.

गेल्या वर्षी हे तिघं अशोका गार्डनमधल्या एका नव्या इमारतीत चुकून भलत्याच दारासमोर उभे राहिले. तिघांना मफलर, एकाच्या गळ्यात ढोलकी, एकाच्या खांद्याला पेटीची पिशवी. उजागऱ्यांनी डोळे मिटून पाळणा सुरू केला. दार उघडलं, एका बाईंनी दोन ओळी ऐकल्या, आत गेल्या, वाटीभर कणीक घेऊन आल्या आणि ती भिंगारदिव्यांच्या पिशवीत ओतून म्हणाल्या, "बाबा, ऊपर वाले फ्लैट में मत जाना, वहाँ कुत्ता है."

कणीक चांगली होती. उजागऱ्यांच्या बायकोने, शशिकलाबाईंनी, तिच्या पोळ्या केल्या. उजागऱ्यांनी त्या दिवशी भात खाल्ला.

माणसाला कोणी वाईट बोललं तर उत्तर देता येतं, पण कणकेला काय उत्तर देणार? उजागरे वर्षभर विचार करत राहिले. ज्याने टर्बाइनच्या पात्यांची चित्रं काढली, ज्याची रेघ साहेबांनीसुद्धा कधी खोडली नाही, तो माणूस दारात उभा राहिला तर लोकांना कणीक का द्यावीशी वाटते? दिवाळीनंतर त्यांना उत्तर सापडलं. फेरीला भपका नव्हता.

"यंदा बँड लावायचा," ते जेवताना म्हणाले.

"कुठं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"गायनफेरीला."

शशिकलाबाईंनी आमटी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'कशाला' हा प्रश्न त्यांनी विचारायचा सोडला होता. त्याचं उत्तर फार लांब असे.

शेजारच्या क्वार्टरमधल्या नरहर देवांना मात्र ही कल्पना फारच आवडली. देव ग्वाल्हेरचे. ते कारखान्यात स्टोअर्सला होते, आणि सल्ला देणं ही त्यांची खरी नोकरी होती. "अहो उजागरे, अशोका गार्डनमध्ये मुन्ने मियाँचा बँड आहे ना, एक नंबर! आणि आता खरमास लागून राहिलाय. लग्नं बंद. बसलेत बिचारे. तुम्ही जा तर खरं."

मुन्ने मियाँ खरंच बसलेले होते. दुकानापुढे ऊन खात त्यांनी उजागऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं. बँड मिळेल, म्हणाले. पण बँडबरोबर डोक्यावरच्या दिव्यांची झुंबरं, जनरेटरची गाडी आणि घोडीही घ्यावी लागेल.

"घोडी नको," उजागरे म्हणाले.

"सेट है, साहब. सेट हम तोड़ते नहीं."

"लेकिन घोड़ी पर बैठेगा कौन?"

"वो आपके घर का मामला है," मुन्ने मियाँ म्हणाले. "हम तो घोड़ी ला देंगे."

मग तालीम झाली. उजागऱ्यांनी पाळणा गाऊन दाखवला. क्लॅरिनेटवाल्याने तो एका फटक्यात उचलला. अडचण एकच होती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याची बोटं सवयीने लग्नातल्या नाचाच्या तुकड्यावर उतरायची आणि ढोलवाले जागे व्हायचे. बाळ गोठ्यात झोपलं रे झोपलं की ढोल सुरू. उजागऱ्यांनी समजावून सांगितलं की बाळ झोपलंय. "समझ गए साहब, हल्के से बजाएँगे," ढोलवाले म्हणाले आणि पुन्हा तसंच वाजवलं.

रस्त्यावर बँड न्यायचा तर ठाण्यात कळवावं लागतं, असं वसाहतीच्या सिक्युरिटीने सांगितलं. उजागऱ्यांनी फेरीचा नकाशा काढला. शाईने, मापात, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आणि खाली तक्त्यात 'रेखांकन: श्री. श्री. उजागरे' असं लिहून. तो घेऊन ते ठाण्यात गेले. आधाराला देव होतेच.

ठाण्यातले मुन्शी वयस्कर आणि शांत होते. धार्मिक मिरवणुकीला वरून मंजुरी लागते, म्हणाले, आणि वरून यायला वेळ लागतो. "जनवरी में आ जाइए."

"पर क्रिसमस तो दिसंबर में है," उजागरे म्हणाले.

"हाँ," मुन्शी खिन्नपणे म्हणाले, "हर साल यही दिक्कत आती है."

उजागऱ्यांचा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. वरातीला मंजुरी लागत नाही, नुसती सूचना पुरते, असं त्यांनी सांगितलं. बँड तोच, रस्ता तोच. फक्त वरचं नाव बदलायचं. नवऱ्या मुलाचं नाव, नवरीचं नाव, कुठून कुठे.

उजागरे घरी परत आले आणि पेच पडला. "आशयचं टाका नाव," शशिकलाबाई म्हणाल्या. आशय त्यांचा मुलगा, बँकेत नोकरीला.

"पप्पा, प्लीज!" आशय म्हणाला. "माझं नाव तिथे एकदा चढलं ना, तो फिर उतरेगा नहीं. उद्या खरंच लग्न ठरलं तर तिकडचे म्हणतील, पहली वाली का क्या हुआ?"

"कोणाचं पण टाकून द्या हो," देव म्हणाले. "पोलीस काय अक्षता टाकायला येऊन राहिलेत?"

पण उजागऱ्यांना खोटं लिहिता येत नसे. नैतिक कारण होतंच. शिवाय सवय नव्हती. नकाशात नसलेली खिडकी दाखवली तर पुढे कोणीतरी तिच्यातून डोकं बाहेर काढायला जातं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अर्ज लिहून काढला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. वर: श्रीकांत उजागरे. वधू: शशिकला उजागरे. निघण्याचं ठिकाण: राहतं घर. पोचण्याचं ठिकाण: राहतं घर.

मुन्शींनी तो नीट वाचला. मग नकाशा पाहिला, मग पुन्हा अर्ज.

"ये तो गोल है."

"जी."

"बारात घर से निकलेगी और उसी घर पे आएगी?"

"जी."

मुन्शींनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "ट्रैफिक के हिसाब से तो अच्छा ही है," ते म्हणाले. मग त्यांनी वय विचारलं. उजागऱ्यांनी सांगितलं. मुन्शींचा आवाज मऊ झाला. "घर वालों को पता है? बच्चे हैं?"

"एक बेटा है. उसे कोई आपत्ति नहीं. बस कहता है, उसका नाम बीच में न आए."

"समझदार है. और... आपकी पहले शादी हुई थी?"

"हुई थी."

"किनसे?"

"इन्हीं से."

मुन्शींनी पेन खाली ठेवलं. "फिर बीच में क्या हो गया था?"

"कुछ नहीं हुआ," उजागरे अगदी खरं बोलले.

"छोड़िए, अब क्या याद करना," मुन्शी म्हणाले. "समझौता हो गया, यही बड़ी बात है." आणि त्यांनी शिक्का मारला. निघताना उजागऱ्यांचा हातही हातात घेतला.

या प्रसंगाला देव साक्षी होते. त्यांनी घरी जाऊन फक्त आपल्या बायकोला, शारदाबाईंना सांगितलं. एवढंच केलं त्यांनी. पुढचं बरखेड्याने केलं.

दुसऱ्या दिवसापासून शशिकलाबाईंकडे बायका येऊ लागल्या. कोणी गाजराचा हलवा आणला, कोणी नुसती येऊन त्यांच्या हातावर हात ठेवून बसली. "इतकं सोसलंत, पण कधी कळू दिलं नाहीत," शारदाबाई म्हणाल्या. पलीकडच्या ओळीतल्या एका बाईंनी तर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घराची एक किल्ली स्वतःकडे ठेवा, पुरुषांचा काही भरवसा नाही. शशिकलाबाई अनारसे तळत होत्या. अनारसा तेलात असताना माणसाने भांडू नये, नाहीतर तो हसतो, म्हणजे फुटून तेलभर होतो. म्हणून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अनारसे संपल्यावर त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

"तुम्ही म्हणे मला सोडून गेला होतात."

"मी?" उजागरे म्हणाले. "कधी?"

"तेच मी विचारतेय. एकदा तरी गेला असतात, तर मला तुमचं ते ड्रॉइंग बोर्डाचं कपाट आवरता आलं असतं."

उजागऱ्यांनी घरोघर जाऊन खुलासा करायचा ठरवलं. पहिल्याच घरी त्यांनी सांगितलं की आमच्यात काहीही झालेलं नव्हतं. त्या घरच्या गृहस्थांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि दार लावून घेतल्यावर बायकोला म्हणाले, "अजून मान्य करत नाही बघ." उजागऱ्यांनी पुढची घरं सोडून दिली. ते दुखावले होते. आयुष्यभर वेळेवर घरी आलेल्या माणसावर परत आल्याचा आळ यावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

चोवीस तारखेला संध्याकाळी घरापुढे सेट उभा राहिला. लाल कोट घातलेले वाजंत्री, झुंबरं, जनरेटर आणि पाठीवर जरीची झूल घातलेली पांढरी घोडी. तिचं नाव बिजली. उजागऱ्यांनी ठरवलं होतं की घोडी मागून नुसती चालेल.

"बिना सवार के नहीं चलेगी, साहब," मुन्ने मियाँ म्हणाले. "आदत नहीं है."

प्रयत्न करून पाहिला. बिजली हलेना. तिच्यामागे जनरेटर, त्यामागे वसाहतीची बस. बसने हॉर्न दिला. देव म्हणाले, "बसा हो. वळणापर्यंत तर बसा, मग उतरून घ्या." चार वाजंत्र्यांनी उजागऱ्यांना वर चढवलं. फेटा बांधायला मुन्ने मियाँ पुढे सरसावले, पण इथे उजागऱ्यांनी ठाम नकार दिला आणि कानटोपी घातली. ऑफिसचा सूट, कानटोपी आणि हातात लगाम अशा वेषातला नवरा बरखेड्याने प्रथमच पाहिला.

शशिकलाबाईंना वाजंत्र्यांच्या पुढे गाडीत बसवायचं देवांच्या मनात होतं. "माझ्या करंज्या राहिल्यात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

फेरी निघाली. आशयही होता, तो दहा पावलं मागे, आपला काही संबंध नाही अशा अंतरावर मोबाइल बघत चालला होता. पहिल्या घरापुढे भिंगारदिव्यांची पेटी कोणालाच ऐकू आली नाही, खुद्द भिंगारदिव्यांनासुद्धा. दुसऱ्या घरापुढे बाळ झोपलं, ढोल सुटले आणि रस्त्यावरची चार अनोळखी पोरं येऊन नाचू लागली. उजागरे घोडीवरून "धीरे! बाळ आहे!" असं ओरडत होते. पोरांना वाटलं, काका जोशात आलेत. ती आणखी नाचली.

वळण आलं. उतरायचं म्हणून उजागऱ्यांनी लगाम ओढला. बिजली अनुभवी होती. ती उजवीकडे वळली, एका कमानीखालून आत शिरली आणि सरळ हिरवळीवरच्या रंगमंचापुढे जाऊन उभी राहिली. ते मॅरेज गार्डन होतं. या रस्त्याने निघालेली वरात दुसरीकडे कुठे जाते हे तिला माहीतच नव्हतं. तिच्यामागून बँड, झुंबरं, जनरेटर आणि नाचणारी पोरं, सगळेच आत आले.

आत शहरातल्या मराठी मंडळींचा वधू-वर परिचय मेळावा चालला होता. खरमासात लग्न लावता येत नाही, जमवायला मात्र हरकत नाही, असा त्यांचा हिशेब. खुर्च्यांवर मुलंमुली आणि त्यांचे आईबाप बसले होते. व्यासपीठावर मंजूषाताई नावाच्या संचालिका माइकवरून एकेकाची माहिती वाचत होत्या. त्यांनी समोर पाहिलं. अनेक वर्षं मेळावे घेतले होते, पण कोणी इतकी तयारी करून आलं नव्हतं.

"या," त्या माइकवर म्हणाल्या. "आपलं नाव?"

कोणीतरी उजागऱ्यांच्या हातात घोडीवरच माइक दिला. "श्रीकांत उजागरे."

"शिक्षण, नोकरी?"

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, ही उजागऱ्यांची जुनी सवय. "सीनिअर ड्राफ्ट्समन. पण मी विवाहित आहे."

एका मुलीच्या आईने पदर सावरला.

"मग आलात कशाला?" मंजूषाताईंनी विचारलं.

"मी नाही आलो," उजागरे म्हणाले. "घोडी आली."

आशय गार्डनच्या फाटकाशीच थांबला होता. तिथून तो आपल्या पप्पांकडे बघत होता आणि हे कुटुंब सोडून जाता येईल का याचा विचार करत होता. तेवढ्यात पाटोळ्यांनी ढोलकीवर थाप मारली. का मारली हे त्यांना अजून सांगता येत नाही. घाबरल्यावर माझा हात चालतो, एवढंच ते म्हणतात. त्या थापेसरशी उजागऱ्यांच्या तोंडून, हातात माइक असताना, वडिलांचा पाळणा निघाला:

"बेथलेहेमी गोठ्यामध्ये बाळ आलं जन्माला,
गवताची गादी केली, गाय राखते दाराला,
जो बाळा जो जो रे जो..."

पहिल्या रांगेतल्या आज्यांना दुसरं काही कळो न कळो, 'जो बाळा' कळलं. त्यांनी सूर धरला. मग त्यांच्या सुनांनी धरला. दुसऱ्या कडव्याला सगळं गार्डन 'जो जो रे जो' म्हणत होतं. लग्न न ठरलेली मुलं आणि मुली खुर्च्यांवर अवघडून बसली होती आणि त्यांच्या आया भोवताली तन्मयतेने पाळणा गात होत्या.

"हे थोडं लवकर होतंय," मंजूषाताई माइकवर म्हणाल्या. पण त्याही गात होत्या.

उजागऱ्यांना कानटोपीत घाम आला होता. इतक्या वर्षांत एवढी माणसं त्यांच्यामागून कधी गायली नव्हती. ते तिसऱ्या कडव्याकडे वळणार तोच बाळ झोपल्याची खूण समजून ढोलवाले सुटले. पोरं नाचू लागली, इच्छुक वरांपैकी दोघं-तिघं त्यांच्यात मिसळले आणि पाळणा तिथेच संपला. टाळ्या मात्र खूप पडल्या. मंजूषाताईंनी सगळ्यांना जेवायला थांबवलं. "श्रीखंड आहे," त्या म्हणाल्या. वाजंत्री आधीच पंगतीत बसले होते.

जेवण झाल्यावर नवी अडचण उभी राहिली. बिजली आता पाठीवर कोणालाही बसू देईना. "ड्यूटी ख़तम, साहब," मुन्ने मियाँ तोंड पुसत म्हणाले. "दूल्हा पहुँचा दिया." मग उजागरे पायी निघाले. मागून बँड, त्याच्यामागे मोकळ्या पाठीची घोडी. एकदा काम संपल्यावर तिची मोकळं चालायला काही हरकत नव्हती. अर्जात लिहिलं होतं राहतं घर, तेव्हा वरात राहत्या घरी न्यायलाच हवी, याबाबत उजागरे ठाम होते. तसा त्यांनी मापातला नकाशा दिला होता.

घरापुढे बँड थांबला. व्हरांड्यात कागदी ताऱ्यातला दिवा लागला होता. आजूबाजूच्या क्वार्टरांमधून बायका बाहेर आल्या होत्या. समझौता कसा होतो ते त्यांना पाहायचं होतं. दारात शशिकलाबाई उभ्या होत्या. त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. वर घरातला तपकिरी स्वेटर होता, कारण थंडी होती.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

उजागऱ्यांनी कानटोपी सरळ केली. "गायनफेरी आहे," ते म्हणाले.

"मग गा की."

तेव्हा उजागऱ्यांच्या ध्यानात आलं की या दारासमोर गायनफेरी कधी उभीच राहिली नव्हती. ती दरवर्षी इथून निघायची, सगळीकडे जायची आणि जिथे संपेल तिथूनच माणसं आपापल्या घरी पांगायची. "तुला तर सगळा पाठच असेल," ते ओशाळून म्हणाले.

"पहिलं कडवं पाठ आहे. दुसरं अर्धं. मग तुम्ही कोपऱ्यावर वळता."

उजागऱ्यांनी वाजंत्र्यांकडे पाहिलं. मुन्ने मियाँनी ढोलवाल्यांच्या हातातल्या काठ्या काढून आपल्या काखेत धरल्या. भिंगारदिव्यांनी पेटी व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली, आणि उजागऱ्यांनी पाळणा पहिल्यापासून म्हटला. मोठ्याने नाही, समोर एकच बाई होती. आशय पुढे येऊन पाटोळ्यांशेजारी उभा राहिला आणि हळू आवाजात साथ करू लागला. त्याला सगळा येत होता. तिसऱ्या कडव्यात मरीयेला थंडी वाजते, योसेफ आपली घोंगडी तिच्यावर घालतो आणि स्वतः रात्रभर चुलीशी लाकडं सारत जागा बसतो. ते कडवं शशिकलाबाईंनी मान खाली घालून ऐकलं.

गाणं संपलं. शारदाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता आणि त्यांचा गैरसमज आता कायमचा पक्का झाला होता.

"बरं सुचलं योसेफाला," शशिकलाबाई म्हणाल्या. मग बाजूला सरून त्यांनी रीतीप्रमाणे दार पूर्ण उघडलं. "या ना आत. बसा सगळे."

सगळे आत आले. उजागरे नेहमीप्रमाणे कप काढायला स्वयंपाकघराकडे वळले, तर शशिकलाबाईंनी त्यांना हाताने अडवलं आणि समोरची खुर्ची दाखवली. "तुम्ही बसा. पाहुण्यांनी आत यायचं नसतं."

उजागरे खुर्चीच्या कडेला गुडघे जुळवून बसले. आपल्या घरातली ही खुर्ची इतकी आखूड आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. चहा आला, बशी आली. त्यांनी एक करंजी खाल्ली आणि पाहुण्याने म्हणावं तसं "पुरे, पुरे" म्हणाले.

"असं कसं?" शशिकलाबाई म्हणाल्या आणि आग्रहाने आणखी दोन वाढल्या.